पाठ कोरी असलेलं कापड : भूतानी बायकांचा किरा आणि त्यातलं रेशमी विणकाम

आपल्याकडे जाणत्या बायका भरतकामाचा कपडा हातात आला की आधी उलटा करून बघतात. पुढची बाजू कोणीही सजवतं. काम किती नीट झालंय ते मागच्या गाठी आणि लोंबणारी टोकं सांगतात. भूतानचा कुशुथारा, म्हणजे बायकांचा रेशमी नक्षी विणलेला किरा, असा उलटा केला तर मात्र बघणारी बुचकळ्यात पडते. पुढे लाल, निळ्या, हिरव्या, पिवळ्या रेशमाचे उठून दिसणारे चौकोन, वज्रं, स्वस्तिकं, मध्येच साखळीच्या टाक्यासारख्या जाडसर रेषा. आणि मागे साधं, सपाट, जवळजवळ कोरं कापड. पुढच्या एवढ्या गर्दीचा मागे मागमूसही नाही.

याचं कारण असं की हे भरतकाम नाहीच. तयार कापडावर सुईने टाके घालून ही नक्षी काढलेली नसते. कापड विणता विणता, एकेक धागा मोजून, ती त्याच वेळी आत बसवलेली असते. भूतानमध्ये या दोन कला मुळातच वेगळ्या मानल्या जातात. तिथे 13 पारंपरिक कलांची एक मोजणी आहे, तिला 'झोरिग चुसुम' म्हणतात. त्यात शिवण, भरतकाम आणि कापडाचे तुकडे जोडून केलेलं काम ही एक कला. मठांतले मोठमोठे पडदे आणि देवांची चित्रं त्या कलेतून होतात आणि ते काम परंपरेने भिक्खू आणि पुरुष करत आले. विणकाम ही दुसरी कला, 'थागझो', आणि ती बायकांची. कुशुथारा या दुसऱ्या घरातला आहे. हा फरक एकदा ध्यानात आला की त्याला वर्षभर का लागतं, तो तीन तुकड्यांचा का असतो, एवढा महाग का, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच जागी सापडतात. ती जागा म्हणजे विणणाऱ्या बाईचं शरीर.

आधी किरा म्हणजे काय ते बघू.

किरा हे भूतानी बायकांचं मुख्य वस्त्र. साडीसारखंच न शिवलेलं, पण साडीपेक्षा आखूड आणि जास्त रुंद: साधारण अडीच मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असा एक आयत. आत लांब बाह्यांचा पोलका घालतात, त्याला 'वोन्जू' म्हणतात. किरा अंगाभोवती गुंडाळून, त्याची चूण घालून, दोन्ही खांद्यांवर चांदीच्या दोन आकड्यांनी अडकवतात. या आकड्यांना 'कोमा' म्हणतात. कमरेला विणलेला पट्टा, 'केरा', घट्ट आवळतात आणि वरून उघडं जाकीट घालतात, ते 'तेगो'. वोन्जूच्या बाह्या तेगोच्या बाह्यांवर दुमडून घेतल्या की मनगटाशी रंगीत पट्टी दिसते. कुठल्या रंगावर कुठला रंग उठून दिसेल याचा विचार बायका फार बारकाईने करतात. जुन्या काळी केरा चांगला हातभर रुंद असायचा, घड्या घालून बांधायचा. आता तो अरुंद झालाय. कोमाही पूर्वी वेगळे होते, लांब टाचणीसारखे. देवळात, किल्ल्यासारख्या 'झोंग'मध्ये किंवा समारंभात जाताना डाव्या खांद्यावर आणखी एक घडी घातलेलं वस्त्र येतं, बहुधा लाल. त्याला 'राचू' म्हणतात. राचूशिवाय झोंगमध्ये जाणं म्हणजे मान न राखणं.

नऊवारी नेसणाऱ्या घरात वाढलेल्यांना यातली एक गोष्ट चटकन कळेल. कापड शिवलेलं नसलं की त्याचा आकार विणकरच ठरवतो, शिंपी नाही. काठ कुठे, पदर कुठे, अंगावर कुठला भाग समोर येणार, हे सगळं मागावरच ठरलेलं असतं. किऱ्याचंही तसंच. एक छान बारकावा सांगतो: उभ्या पट्ट्यांचं तेच कापड पुरुषाच्या 'घो' या अंगरख्यासारख्या पोशाखात उभ्या पट्ट्यांचं राहतं, पण बाईच्या किऱ्यात आडवं होतं. कारण किऱ्यात ताण्याचे, म्हणजे लांबीचे धागे अंगाभोवती आडवे फिरतात. कापड तेच, पण पुरुषाच्या अंगावर ते उंच उभं राहतं आणि बाईच्या अंगावर तिला वेढून घेतं.

आता माग.

किरा ज्या मागावर विणतात त्याला 'पांगथाग' म्हणतात. आपल्या डोळ्यांसमोर माग म्हटलं की लाकडी चौकट, खड्ड्यात पाय, पावड्या, धोटा असं चित्र येतं. पांगथागला असली चौकटच जवळजवळ नाही. वरचा दांडा घराच्या भिंतीला किंवा पडवीतल्या खांबांना बांधलेला असतो. खालचा दांडा विणणारीच्या मांडीपाशी येतो आणि त्याची दोन्ही टोकं एका रुंद पट्ट्याला अडकवलेली असतात. तो पट्टा तिच्या कमरेमागून जातो. ती जमिनीवर बसते, पाय समोरच्या फळीला टेकवते आणि मागे रेलते. ती रेलली की ताणा ताठ होतो, पुढे वाकली की सैल. म्हणजे मागाचा एक खांब भिंतीत आणि दुसरा खांब ती स्वतः. धाग्यांना लागणारा ताण हा तिच्या पाठीचा आणि पायांचा ताण.

यातून पहिला हिशोब निघतो तो रुंदीचा. कमरेला पट्टा बांधून बसलेल्या बाईचे हात दोन्ही बाजूंना जितके सहज पोचतात तितकंच कापड रुंद होऊ शकतं. ती रुंदी साधारण हातभर भरते. किरा तर दीड मीटर रुंद हवा. म्हणून एक किरा म्हणजे तीन वेगवेगळे पट्टे, एकाखाली एक जोडलेले. आणि इथेच खरी कसोटी लागते. पहिला पट्टा हिवाळ्यात विणला, तिसरा पावसाळ्यात आला, तरी तिन्ही शेजारी ठेवल्यावर नक्षी जुळली पाहिजे. चौकोनाचा कोपरा चौकोनाच्या कोपऱ्याखाली यायला हवा. मध्ये तिने धागे थोडे जास्त ठोकले, थोडी सैल बसली, एखाद्या महिन्यात आजारी होती आणि हात हलका पडला, तर तिसरा पट्टा बोटभर आखूड किंवा लांब निघतो आणि नक्षी सरकते. किरा बघताना मी आधी दोन पट्ट्यांच्या जोडावर नजर टाकतो. तिथे नक्षी न अडखळता पुढे गेली असेल, तर तेवढे महिने एकाच ताणात बसलेली एक बाई त्यामागे आहे.

पांगथागवर ताणा गोल फिरवून लावतात, वरच्या दांड्यावरून पुढे, खालच्या दांड्याभोवतून मागे, पुन्हा वर. त्यामुळे विणलेलं कापड ती आपल्याकडे ओढून घेत जाते आणि कोरा ताणा वरून समोर येत राहतो. शेवटी जिथे सुरुवात केली तिथे ती परत पोचते, आणि मग कापड सोडवून सरळ करतात.

भूतानमध्ये दुसरा मागही आहे, पायाने चालवायचा, चौकटीचा. तो तिबेटकडून आला असं मानतात आणि बुमथांगच्या चुमे खोऱ्यात 'याथ्रा' नावाचं लोकरीचं कापड त्यावर विणतात. तो वेगवान आहे. पण कुशुथाऱ्याचं काम पांगथागवरच चालतं, कारण इथे वेग कामाचा नाही. इथे प्रत्येक ओळीला हात थांबवावा लागतो.

एकच चौकोन विणताना काय होतं ते आता अगदी जवळून बघू. लेखातला सगळ्यात कठीण भाग हाच, पण तो समजला की बाकी सगळं सोपं.

ताण्याचे धागे एकाआड एक असे दोन थरांत असतात. एक थर वर उचलला की दोन थरांच्या मध्ये बोगद्यासारखी वाट तयार होते. त्या वाटेतून आडवा धागा, म्हणजे बाणा, या काठापासून त्या काठापर्यंत जातो आणि तलवारीच्या आकाराच्या लाकडी पट्टीने तो खाली ठोकतात. मग दुसरा थर वर, पुन्हा बाणा, पुन्हा ठोका. याने साधं कापड तयार होतं. कुशुथाऱ्यात ताण्याचे धागे इतके दाट असतात की बाणा जवळजवळ दिसतच नाही. डोळ्यांना दिसतो तो ताण्याचा पांढरा किंवा निळा रंग.

आता नक्षी. एक थर वर उचललेला असताना विणणारी हातात एक बारीक, टोकदार काडी घेते. वरच्या थरातले धागे मोजते. समजा, दोन उचलले, तीन सोडले, पुन्हा दोन उचलले. त्या उचललेल्या धाग्यांखालून लाल रेशमाचा छोटा तुकडा सरकवते. थोडं पुढे जाऊन पुन्हा मोजते आणि हिरवा तुकडा घालते. त्या ओळीत जितक्या जागी नक्षी, तितके वेगवेगळे तुकडे, प्रत्येकाचं टोक वर मोकळं लोंबतं. मग साधा बाणा काठापासून काठापर्यंत टाकून ओळ पक्की करते. पुढच्या ओळीला त्याच लोंबत्या टोकांना पुन्हा हातात घेते, पण आता एखादा धागा डावीकडे सरकून. अशा कित्येक ओळींनंतर बोटाच्या पेराएवढा एक चौकोन उभा राहतो.

कळीची गोष्ट ही की रंगीत धागा फक्त वरच्या थरातच फिरतो. खालच्या थराला तो शिवतच नाही. म्हणून खालचा थर मागून सगळं झाकून टाकतो आणि कापडाची पाठ कोरी राहते. लेखाच्या सुरुवातीचं कोडं एवढंच होतं.

या नक्षीच्या दोन रीती आहेत. 'साप्मा'मध्ये रंगीत धागा सपाट बसतो आणि भरलेल्या टाक्यासारखा दिसतो. 'तिमा'मध्ये धागा ताण्याच्या धाग्यांभोवती पीळ देत गुंडाळला जातो, त्यामुळे रेषा फुगीर, वेणीसारखी उठते. बोट फिरवलं तर साप्मा गुळगुळीत लागतो आणि तिमा खडबडीत. चांगली विणकरीण दोन्ही एकत्र वापरते: आकार साप्माने भरते आणि त्याची बाह्यरेषा तिमाने उचलून धरते.

मराठी वाचकाला हे पैठणीशी ताडून बघितलं की लगेच कळेल. पैठणीच्या पदरावरचा मोरही मागावरच, हाताने, रंगीत कांड्यांनी विणला जातो. पण तिथे रंगीत धागा हाच बाणा असतो. मोर जिथे आहे तिथे दुसरा बाणा नाहीच; मोराचा निळा धागा शेजारच्या रंगाच्या धाग्याला अडकून परत फिरतो. म्हणून हातमागाची पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. कुशुथाऱ्यात मूळ बाणा अखंड जातो आणि रंगीत धागा वरचा, जादाचा असतो. सोप्या शब्दांत सांगायचं तर पैठणीतून मोर उसवला तर तिथे भोक पडेल. कुशुथाऱ्यातून चौकोन उसवला तर खाली अख्खं पांढरं कापड शिल्लक राहील. येवल्याच्या मागावर बसलेल्या माणसाला आणि ल्हुन्त्सेच्या पडवीत बसलेल्या बाईला एकमेकांची भाषा येणार नाही, पण एकमेकांच्या कापडाची पाठ बघून दोघांनाही समोरच्याने काय केलंय ते क्षणात कळेल, याबद्दल मला शंका नाही.

ल्हुन्त्से हा भूतानच्या ईशान्येचा जिल्हा. त्याच्या जुन्या भागाचं नाव कुर्तोए, आणि कुशुथाऱ्याचं माहेर तेच. त्यातही खोमा हे गाव विशेष नावाजलेलं आहे (हे गावाचं नाव, खांद्यावरचे आकडे ते कोमा). खोमात घरोघरी पडव्यांत पांगथाग लावलेले दिसतात आणि मुली आईशेजारी बसून लहानपणीच हात वळवायला लागतात. आधी केऱ्यासारखे अरुंद पट्टे, मग सोप्या नक्षीचं कापड, आणि हात बसल्यावर कुशुथारा. आलेखाचा कागद नसतो. नक्षी डोक्यात असते, किंवा शेजारी एखादा जुना तुकडा ठेवलेला असतो. ज्या वांगचुक घराण्याने 1907 पासून भूतानवर राज्य केलं, त्यांचं मूळही याच ल्हुन्त्सेतलं; त्यामुळे या विणकामाला राजाश्रय आणि मान दोन्ही मिळाले.

पांढऱ्या जमिनीचा तो नेहमीचा कुशुथारा. निळ्या किंवा काळसर जमिनीचा असेल तर त्याला 'न्गोशाम' म्हणतात. याशिवाय ज्यांत नक्षी बाण्याने नव्हे तर जादाच्या ताण्याने उठते अशी 'आयकापुर' नावाची पट्ट्यापट्ट्यांची कापडं आहेत. लोकरीचे चौकड्यांचे 'माथ्रा' आहेत. त्या प्रत्येकाचं वेगळं शास्त्र आहे, त्यात इथे शिरत नाही.

नक्षीतल्या आकृत्या बहुतेक बौद्ध धर्मातून आलेल्या. वज्र, फुलीसारखं ठेवलेलं दुहेरी वज्र, 'युंगद्रुंग' म्हणजे स्वस्तिक, 'द्रामी' म्हणजे सुरुवात-शेवट नसलेली गाठ, झाडाची पानं. पण मागावर सगळ्या आकृत्या पायरीपायरीच्या होतात. वर्तुळ विणता येत नाही. धागे उभे-आडवेच असतात, म्हणून गोल गोष्टसुद्धा शेवटी शंकरपाळ्याच्या आकारात येते. कुशुथाऱ्यात सगळीकडे शंकरपाळे दिसतात त्यामागे मोजणीचा हा नियम आहे.

आता रेशीम कुठून येतं?

भूतानमध्ये मुख्यतः दोन प्रकार बोलले जातात. 'सेशु' म्हणजे तुतीच्या पाल्यावर वाढलेल्या किड्याचं, मऊ, चकचकीत रेशीम. 'बुरा' म्हणजे जाडंभरडं, चमक कमी पण ऊबदार रेशीम. ते मुख्यतः एरी जातीचं. त्राशीगांग जिल्ह्यातलं राधी गाव बुऱ्याच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे.

एरी या शब्दापाशी मराठी माणसाने जरा थांबावं. आसामी भाषेत 'एरा' म्हणजे एरंड. हा किडा एरंडाची पानं खातो, म्हणून त्याचं रेशीम एरी. आपल्या बांधावरच्या एरंडाचंच नाव हिमालयाच्या पायथ्याशी रेशमाला मिळालंय. या किड्याचा कोष एका टोकाला उघडा असतो. पतंग तिथून स्वतः बाहेर पडू शकतो. तुतीच्या रेशमात अखंड धागा उलगडून काढण्यासाठी कोष उकळावे लागतात आणि आतला जीव मरतो; एरीत धागा मुळात अखंड नसतोच, त्यामुळे रिकामे कोष घेऊन कापसासारखं सूत काततात. म्हणून त्याला अहिंसा रेशीम म्हणतात, आणि जीव मारणं टाळणाऱ्या बौद्ध समाजाला ते जवळचं वाटलं यात नवल नाही. पण हे नाव सरसकट लावू नये. आसामात अनेक समाजांत एरीचे किडे आवडीने खातात, तिथे कोष रिकामा होतो तो वेगळ्या मार्गाने. आणि भूतानमध्ये सणासुदीचा चकचकीत किरा ज्या सेशुचा असतो ते तुतीचं रेशीम बाहेरून येतं. कोष उकळण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी केलेलं असतं. मला यात दोष द्यायचा नाही, पण किऱ्याबद्दल लिहिताना हे झाकून ठेवणंही बरोबर वाटत नाही.

आसाम आणि भूतान यांचा हा व्यवहार जुना आहे. हिवाळ्यात डोंगरातली माणसं खाली उतरायची, मैदानातल्या जत्रांना जायची. आसामातलं हाजो हे त्यातलं एक मोठं ठिकाण. तिथलं हयग्रीव माधवाचं देऊळ हिंदूंना जितकं पवित्र तितकंच भूतानी बौद्धांनाही. यात्रा आणि बाजार एकाच फेरीत व्हायचे. परतताना एरीचं सूत आणि कापड डोंगर चढायचं. म्हणजे भूतानच्या 'खास स्थानिक' वस्त्रातला धागा पिढ्यान्‌पिढ्या ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून येत आलाय.

रंगांची नावं ऐकली तर आपल्या परसातली आणि काष्ठौषधींच्या दुकानातली यादी वाटावी. लाल रंगासाठी लाख आणि मंजिष्ठ. निळ्यासाठी नीळ. पिवळ्यासाठी हळद. आणि रंग धाग्याला धरून राहावा म्हणून एका झाडाची पानं, हे झाड आपल्या लोध्राच्या कुळातलं. या झाडाला जमिनीतलं अ‍ॅल्युमिनियम पानांत साठवायची सवय असते. आपण रंग पक्का करायला तुरटी वापरतो ती तिच्यातल्या अ‍ॅल्युमिनियमसाठीच. भूतानच्या डोंगरात तुरटीचा खडा न विकत घेता तेच काम पानं करतात. रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता हे ज्या कुणी बाईने पहिल्यांदा शोधलं, तिच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. रंगवण्याभोवती समजुतीही आहेत: परक्या माणसाची नजर पडू द्यायची नाही, गरोदर बाईने जवळ यायचं नाही, नाहीतर पोटातलं बाळ रंग चोरतं. गेल्या शतकात बाजारू रंग आले आणि आज बहुतेक किरे त्याच रंगांचे असतात. वनस्पतींचे रंग टिकून आहेत, पण थोड्या हातांत.

किरा हे फक्त अंगावर घालायचं कापड कधीच नव्हतं. पूर्व भूतानमधले लोक विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सरकारी देणं कापडाच्या रूपात देत होते. दुसऱ्या कुणी धान्य द्यावं तसं इथल्या घरांनी विणलेले ठाण झोंगमध्ये नेऊन द्यायचे. तिथून ते अधिकाऱ्यांना, मठांना, मानकऱ्यांना वाटले जायचे. थोडक्यात, बायकांनी पडवीत बसून विणलेलं कापड हा राज्यकारभाराचा पैसा होता. तिसरे राजे जिग्मे दोरजी वांगचुक यांच्या काळात, म्हणजे 1952 ते 1972 या वर्षांत, वस्तूंच्या रूपातले हे कर गेले. आजही लग्न, बढती, मृत्यू अशा प्रसंगी कापड भेट देतात आणि ते विषम संख्येत असतं: तीन, पाच, सात, नऊ. आपण पाकिटात वरचा एक रुपया घालतो, त्याच जातीची ही भावना.

किऱ्याच्या गोष्टीत एक दुखरी बाजूही आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. भूतानच्या शिष्टाचाराची संहिता, 'ड्रिगलाम नामझा', हिचं मूळ सतराव्या शतकात देश एकत्र आणणाऱ्या झाबद्रुंग न्गवांग नामग्याल यांच्याकडे नेलं जातं. तिबेटपासून आपली वेगळी ओळख ठसवणं हा तिचा एक हेतू होता. 1989 मध्ये राजाज्ञेने घो आणि किरा सार्वजनिक ठिकाणी सगळ्यांवर बंधनकारक झाले. दक्षिणेच्या सखल भागात राहणाऱ्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा लोकांवरही. त्यांच्या बायका साडी नेसत. उष्ण, दमट हवेत, परक्या वाटणाऱ्या वस्त्राची सक्ती, न पाळल्यास दंड. यामागे 1985 चा नागरिकत्व कायदा होता, 1988 ची शिरगणती होती. कपडा हे एकच कारण नव्हतं. पण अपमान रोज अंगावर घालावा लागत होता तो कपड्यातूनच. 1990 मध्ये निदर्शनं झाली, दडपशाही झाली, आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे 1 लाख माणसं नेपाळच्या निर्वासित छावण्यांत पोचली. 2007 नंतर त्यांतल्या बहुतेकांचं परदेशांत पुनर्वसन झालं, सर्वाधिक अमेरिकेत. ल्हुन्त्सेतल्या बाईने वर्षभर जीव ओतून विणलेली गोष्ट दुसऱ्या कोपऱ्यातल्या बाईला शिक्षा वाटावी, यात विणणारीचा काडीचाही दोष नाही.

आजचं चित्र संमिश्र आहे. शाळा आणि कचेऱ्यांत किरा रोजचाच. पण शहरांतल्या बायका आता बहुधा 'अर्धा किरा' घालतात: कमरेपासून खाली, घागऱ्यासारखा, हुक लावलेला, वर वोन्जू आणि तेगो. कोमा लागत नाही, गुंडाळायला वेळ लागत नाही. पूर्ण किरा आणि त्यातला कुशुथारा लग्नाला आणि 'त्सेचू' या मुखवट्यांच्या नाचांच्या वार्षिक उत्सवाला बाहेर निघतो. त्सेचूला नवं काही घातल्याशिवाय जाणं कुठल्याच बाईला आवडत नाही, त्यामुळे उत्सवाआधीचे महिने विणकरणींच्या धावपळीचे.

गिऱ्हाईक अनेकदा सूत स्वतः देतं आणि विणकरणीला मजुरी देतं. भरगच्च कुशुथाऱ्याला सहा महिने ते वर्ष लागतं. भूतानचं न्गुलत्रुम हे भारतीय रुपयाच्या बरोबरीने बांधलेलं आहे, त्यामुळे किंमत समजायला आपल्याला आकडेमोड करावी लागत नाही: चांगल्या रेशमी कुशुथाऱ्याला लाख आणि त्याहूनही जास्त पडू शकतात. आकडा ऐकून डोळे मोठे होतात खरे. पण लाखाला 12 महिन्यांनी भागा, त्यातून रेशमाचा खर्च वजा करा, आणि मग उरलेली मजुरी कमरेला पट्टा बांधून रोज तासन्‌तास बसलेल्या पाठीला वाटून बघा. कुशुथारा महाग आहे असं मला तरी म्हणवत नाही.

धोका वेगळीकडून आहे. भारतातल्या यंत्रमागांवर कुशुथाऱ्याची हुबेहूब नक्षी विणून ते कापड भूतानच्या बाजारात येतं आणि किमतीच्या अगदी थोड्या अंशात मिळतं. रोजच्या वापराला बायका ते घेतात आणि त्यात गैर काहीच नाही. कचेरीत जायला वर्षभराची मेहनत कोण अंगावर घालेल? पण दुकानात हे कापड हातमागाचं म्हणून विकलं गेलं की खोमातल्या बाईच्या ताटातलं जातं. थिंपूत 2001 पासून वस्त्रसंग्रहालय आहे, 2005 मध्ये राजमाता सांगे चोदेन वांगचुक यांच्या पुढाकाराने रॉयल टेक्स्टाइल अकादमी सुरू झाली. तिथे जुने नमुने जपले जातात, मुलींना विणकाम शिकवलं जातं, जुन्या नक्षी नव्याने विणून घेतल्या जातात. हे काम मोठं आहे. तरी खरेदी करणाऱ्याचे डोळे उघडे असतील तरच त्याला अर्थ राहतो.

म्हणून कधी थिंपूत किंवा पारोत गेलात आणि दुकानदाराने समोर कुशुथारा उलगडला, तर संकोच न करता तो उलटा करा. यंत्रावर विणलेल्या नक्षीत रंगीत धागे मागच्या बाजूने एका आकृतीपासून दुसरीकडे धावत असतात, कधी लांबच लांब लोंबतात, कधी कापलेले दिसतात. हाताने विणलेल्याची पाठ कोरी. मग तीन पट्ट्यांचे जोड शोधा. अखंड रुंदीचं कापड पांगथागवर होऊच शकत नाही. आणि जोडावर नक्षी जुळते का ते बघताना एखादा चौकोन धाग्याभराने सरकलेला दिसला, तर तो दाखवून भाव पाडायला जाऊ नका. त्या दिवशी ती थोडी पुढे वाकून बसली असेल.